एकदा तरी होऊ द्या!

"मांजराला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत हो!"

हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलं आहे, की उद्या मला कोणी झोपेतून उठवलं तरी मी ते चालीसकट म्हणून दाखवीन. म्हणणाऱ्याची मान किंचित कलते, 'एकदा तरी'वर आवाज ओला होतो आणि शेवटच्या 'हो'वर एक उसासा पडतो. ज्यांच्या घरी मांजर नाही त्यांचा उसासा जरा जास्त लांब असतो.

बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षं बसून मी एवढंच शिकलो. 'अरे, काढ की कर्ज!' असं म्हणणारे शंभर भेटतात. जामीन म्हणून सही करायची वेळ आली की त्यातल्या नव्व्याण्णवांचं पेन नेमकं घरी राहिलेलं असतं. ही 'एकदा तरी' मंडळी त्या नव्व्याण्णवांतली. हा लेख त्यांच्याविरुद्ध आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मागाहून 'आम्हांला चहाला बोलावून आमच्यावरच घसरलात' अशी तक्रार नको.

मनी आमच्या घरी आली ती पावसाळ्यात, जिन्याखालच्या मीटरच्या पेटीमागून. आमच्या चिरंजीविणीनं तिला दप्तरात घालून वर आणली. मूठभर जीव, आणि त्यातला अर्धा नुसता आवाज. लस टोचायला नेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कार्ड भरता भरताच सांगितलं, "पाच महिन्यांची झाली की ऑपरेशनला आणा. पहिल्यांदा माजावर यायच्या आत." मी म्हटलं, "हो हो." हे 'हो हो' कसल्या जातीचं असतं, ते ज्यांनी आमच्या काउंटरवर 'उद्या या' ऐकलं आहे त्यांना सांगायला नको.

मराठी भाषेची मात्र कमाल आहे. मांजर नपुंसकलिंगी, कुत्रं नपुंसकलिंगी! ज्या कामाला डॉक्टरला भूल, चाकू आणि टाके लागतात ते आमच्या व्याकरणकारांनी नुसत्या एका 'ते'वर उरकून टाकलं आहे. दुर्दैवानं मांजरं व्याकरण वाचत नाहीत.

घरी विषय काढला तेव्हा चार सभासदांत पाच मतं पडली. सौ. म्हणाली, "अहो, डॉक्टर सांगतायत ना? मग आणा उरकून." आई म्हणाली, "मुक्या जिवाला कापायचं? पाप लागेल." कन्येनं विचारलं, "बाबा, ऑपरेशन म्हणजे काय काढतात?" त्यावर मी वर्तमानपत्र वर उचललं. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्या आमच्या घरच्या सभासद नाहीत पण प्रत्येक सभेला हजर असतात, त्या म्हणाल्या, "अरे, बाईचा जन्म आहे तिचा. एकदा तरी आई होऊ दे!" पाचवं मत माझंच दुसरं. पहिलं सौ.च्या बाजूनं होतं, दुसरं आईच्या. अशा वेळी कारकून जे करतो तेच मी केलं. फाईल पेंडिंग ठेवली.

"पाच महिने म्हणजे फारच लहान हो," असंही पुष्कळांनी सांगितलं. आपल्या डोळ्यांना पाच महिन्यांचं मांजर बाळ दिसतं, खरं आहे. बोक्याच्या डोळ्यांना दिसत नाही. काही मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येतात. आमची मनी आली सातव्यात, ऐन संक्रांतीला. सगळं गाव 'गोड बोला' म्हणत असताना ही रात्री दोन वाजता जे बोलू लागली, ते ऐकून आम्हांला वाटलं, पोटात दुखतंय. आईनं हिंग लावला. काकूंनी दृष्ट काढली. जमिनीवर लोळण, मागचा भाग वर, आणि तो सूर! सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर लिहिलं, 'रात्री दहानंतर वाद्ये वाजवू नयेत.'

आठवडाभरात थांबली. आम्ही सुटलो म्हणालो. पण मांजरीचं शास्त्र वेगळं. बोक्याशी गाठ पडली तरच तिचं बीज सुटतं. गाठ पडली नाही, तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तोच कार्यक्रम. म्हणजे हप्ता चुकला की नोटीस, पुन्हा चुकला की पुन्हा नोटीस. आणि नोटीस बजावायला बोका हजर! एका कानाची किनार गेलेला, मानेनं रुंद, कंपाउंडच्या भिंतीवर वसुली अधिकाऱ्यासारखा बसलेला. २५ जानेवारीच्या रात्री स्वयंपाकघराची खिडकी कोणीतरी उघडी ठेवली. कोणी ठेवली यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. सकाळी सोसायटीत झेंडावंदन होतं, आणि मनी टाकीमागून अत्यंत शांत चेहऱ्यानं परत येत होती.

तिथून पासष्टाव्या दिवशी मनी व्याली. बँकेतल्या माणसाला तारीख सांगायची गरज नाही, पण इतरांसाठी सांगतो : ३१ मार्च. मी वर्षअखेरीचं क्लोजिंग उरकून रात्री साडेअकराला घरी पोचलो, तर कपाटाच्या ज्या खणात मुदत ठेवींच्या पावत्या आणि फॉर्म सोळा होते, त्याच खणात चार पिल्लं. फॉर्म सोळा त्यानंतर कोणी वाचू शकलं नाही.

आता खरं सांगतो, त्या रात्री मी विरघळलो. चार मिटलेले डोळे, आणि मनी एकेकाला चाटतेय. काकू पाहायला आल्या. "बघ, म्हणत नव्हते मी? केवढं समाधान आहे तिच्या तोंडावर!" समाधान होतं की थकवा होता, हे मांजराच्या तोंडावरून ओळखणं मला जमत नाही. आठ-नऊ महिन्यांचं पोर होतं ते. स्वतःची हाडं अजून वाढायची होती आणि चौघांना पाजत होती. महिनाभरात तिच्या पाठीचे मणके मोजता येऊ लागले. रिवाजाप्रमाणे तिनं पिल्लं सात घरं फिरवली. फ्लॅट दोन खोल्यांचा असल्यामुळे काही घरं दोनदा आली.

डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "पाजताहेत तोवर थांबू या. पण खिडक्या बंद ठेवा. दूध पाजता पाजतासुद्धा पुन्हा गाभण राहते." म्हणून आम्ही एप्रिल आणि मे, डोंबिवलीत, खिडक्या लावून काढले. 'एकदा तरी'वाल्यांपैकी एकानंही त्या दिवसांत आमच्या घरी येऊन पंधरा मिनिटं बसून दाखवलं नाही.

मग वाटपाचा दिवस आला. दोन महिन्यांची झाली पिल्लं. पडदे चढू लागली. मी यादी केली. ज्यांनी ज्यांनी मला 'एकदा तरी होऊ द्या' म्हणून सांगितलं होतं त्यांची नावं एका पे-इन स्लिपच्या पाठीवर लिहिली. अकरा भरली. अकरा जामीनदार आणि पिल्लं चारच, म्हणजे मागणी जास्त नि पुरवठा कमी. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात त्याप्रमाणे भांडणं व्हायला हवी होती.

काकू म्हणाल्या, "अरे, ह्यांना दमा." ह्यांना दमा आहे हे मला त्या दिवशी प्रथम कळलं, आणि बहुधा ह्यांनाही. आमचे हेड कॅशिअर म्हणाले, "मांजर आडवं जातं हो, आणि मी रोज कॅश मोजतो." तळमजल्यावरचे निवृत्त ओव्हरसियर म्हणाले, "आम्ही कुत्र्यांची माणसं." एका वहिनींनी सोफा नवीन घेतला होता. एका गृहस्थांनी पिल्लाला मांडीवर घेतलं, फोटो काढला, सगळ्या ग्रुपवर पाठवला, त्याखाली बत्तीस बदाम आले आणि पिल्लू माझ्या पिशवीत परत आलं.

एक पिल्लू आमच्या शाखेतल्या शिपायानं नेलं. त्यानं 'एकदा तरी' असं कधीही म्हटलेलं नव्हतं. दुसरं सौ.च्या बहिणीनं नेलं. तिसरं एका सकाळी पार्किंगमध्ये गाडीच्या चाकाखाली गेलं. गाडी कोणाची ते लिहीत नाही. त्या माणसानं मुद्दाम केलं नव्हतं आणि तो दोन दिवस जेवला नाही.

राहिलं चौथं. एका रविवारी संध्याकाळी मी ते बँकेच्या कापडी पिशवीत घातलं आणि मासळी बाजारात सोडून आलो.

'तिथे मासे मिळतील, मजेत राहील.' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. ते मांजराच्या सोयीसाठी बनवलेलं नाही. पिशवी रिकामी करून आल्यावर माणसाला रात्री झोप लागावी म्हणून बनवलेलं आहे. टोपली आवरणारी एक मावशी माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "दादा, रोज कुणी ना कुणी पिशवी घेऊन येतं इथं. आणि ही कुत्री काय ठेवतात होय?" मी उत्तर न देता रिक्षा पकडली. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर पुन्हा गेलो. बर्फाच्या पेट्यांमागे बघितलं, गटाराशी बघितलं. तीन मांजरं दिसली, आमचं नव्हतं. घरी मी 'चांगल्या घरी दिलं' असं सांगितलं होतं. कन्या अजून अधूनमधून म्हणते, "बाबा, त्यांना फोटो पाठवायला सांगा ना!" हा लेख छापून आला की ती वाचीलच.

तर आता मी मुद्द्यावर येतो, आणि जरा चढ्या आवाजात येतो.

'एकदा तरी आई होऊ दे' म्हणणाऱ्यांनी मला सांगावं, की मांजरीला आई व्हायची आस असते हे त्यांना कोणी सांगितलं? माजावर आलेली मांजर डोहाळजेवणाची स्वप्नं बघत नाही. ती एका ओढीनं ओरडते, आणि ती ओढ संपली की बोक्याकडे ढुंकून बघत नाही. मातृत्वाचं कौतुक आपलं. ते आपण तिच्या अंगावर अंगडं-टोपडं चढवावं तसं चढवतो. 'एकदा पिल्लं झाली की तब्येत सुधारते' याला पशुवैद्यकशास्त्रात काही आधार नाही. उलट हिशेब आहे. सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींत स्तनांच्या गाठींचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी होतो, आणि मांजरींमधल्या अशा गाठी बहुतेक कर्करोगाच्याच निघतात. शिवाय न केलेल्या माद्यांच्या गर्भाशयात पुढे पू होतो. तेव्हा तेच ऑपरेशन करावं लागतं, फक्त रात्री अकराला, ताप असताना आणि दुप्पट पैशांत. दर वर्षी थांबण्यावर व्याज चढतं, असा हा मामला आहे.

काही पत्रकांत छापतात, की एका मांजरीपासून सात वर्षांत लाखो मांजरं होतात. मी ते चक्रवाढीनं करून पाहिलं. आकडा येतो, पण त्यात एकही पिल्लू मरत नाही असं धरावं लागतं. माझ्या चारांपैकी एक मेलं आणि एकाचं काय झालं ते मला माहीत नाही. रस्त्यावर लाखो मांजरं दिसत नाहीत, याचं कारण ती होत नाहीत असं नाही. ती जगत नाहीत.

आईच्या 'पापा'ला मात्र मी हसणार नाही. आमचे वडील मास्तर. १९७६ साली, आणीबाणीत, त्यांना मुलांच्या पटाबरोबर नसबंदीच्या केसेसचाही आकडा पुरा करायला सांगितला होता. त्याच वर्षी आपल्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. वडील तेव्हा रात्र रात्र जागे असत, असं आई सांगते. ती म्हणाली, "तेव्हा माणसांना कोणी विचारलं नाही. आता मांजराला कोण विचारणार?" यावर मला दोन दिवस उत्तर सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी सुचलं, ते असं. माणसाला विचारता येतं, म्हणून न विचारणं हा गुन्हा. मनीला लस टोचताना आपण विचारलं नाही, दुसऱ्या मजल्यावर कोंडताना विचारलं नाही, दूध बंद करून दाणे सुरू केले तेव्हाही नाही. तिचा प्रत्येक निर्णय आपणच घेतो. फक्त जो निर्णय आपल्याला अवघड वाटतो तेवढाच 'निसर्गा'वर सोडतो. आई म्हणाली, "तू वकील व्हायला हवा होतास." म्हणजे पटलं नव्हतं. पण ऑपरेशनच्या दिवशी रिक्षात मनीची टोपली आईच्याच मांडीवर होती.

आणि 'निसर्गाच्या विरुद्ध' म्हणाल, तर हे वाक्य शंभर वर्षांचं जुनं आहे. १९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा तेही हेच ऐकत होते, आणि ते तर माणसांना, त्यांच्या मर्जीनं, सल्ला देत होते. ज्या घरात दोन मुलांवर थांबायचं हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरलं, त्याच घरातली माणसं मांजरीला 'होऊ दे की' म्हणतात, याचं मला नवल वाटतं.

तळमजल्यावरच्या ओव्हरसियरसाहेबांचा प्रश्न निराळा. त्यांचा लॅब्रडॉर नर. दहा महिन्यांचा झाल्यापासून तो पाहुण्यांच्या पायांशी जे करतो त्यामुळे त्यांच्याकडे सत्यनारायणाला कोणी बसेना. मी सहज विचारलं, तर साहेब असे दचकले की ऑपरेशन जणू त्यांचंच ठरलंय. "छे छे! पुरुषासारखा पुरुष आहे तो!" नराचं ऑपरेशन मादीच्या मानानं सोपं, पोट उघडावं लागत नाही, तरी घरोघर पाहा, मादीच्या वेळी 'खर्च किती?' विचारतात आणि नराच्या वेळी 'गरज काय?' एवढं मात्र कबूल करतो, की कुत्र्यांत 'केव्हा' हा प्रश्न खरा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ साली गोल्डन रिट्रीव्हरांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांत सांध्यांची दुखणी जास्त आढळली. २०२० साली त्यांनी ३५ जातींचा हिशेब मांडला. लहान चणीच्या कुत्र्यांत तसा फरक फारसा दिसला नाही. म्हणून थोराड जातीच्या कुत्र्याला वर्ष-सव्वा वर्षाचा होऊ द्यावा की काय, ते डॉक्टरशी बसून ठरवावं, आणि ऑपरेशननं सगळ्याच खोड्या जातील अशी आशाही धरू नये. पण 'केव्हा' विचारणाऱ्याच्या हातात कॅलेंडर असतं. 'एकदा तरी'वाल्याच्या हातात नुसता रुमाल असतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांवर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल लागोपाठ आले. आधी सगळी उचला, मग नसबंदी नि लस करून बहुतेक जागच्या जागी सोडा. तेव्हा आमच्या सोसायटीत दोन तास सभा झाली. सगळ्यात मोठा आवाज ज्यांचा होता त्यांच्या कुत्रीची तीन पिल्लं मागल्या वर्षी 'शेतावर' गेली आहेत. शेत कोणाचं, ते विचारायचं राहून गेलं. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत पाळीव जनावराच्या नसबंदीची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे, हे मी उभं राहून सांगितलं. तेवढ्यात चहा आला.

मनीचं ऑपरेशन जूनमध्ये झालं. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवली. घर उपाशी राहिलं नाही, पण जेवलं चोरून. संध्याकाळी शुद्धीवर आली ती एका कुशीवरचे केस भादरलेली आणि गळ्यात समईच्या झाकणासारखी कॉलर. चालताना प्रत्येक दाराला धडकत होती आणि प्रत्येक धडकेनंतर माझ्याकडे बघत होती. चौथ्या दिवशी कपाटावर उडी मारली. दहाव्या दिवशी टाके निघाले. तिच्यात काय फरक पडला म्हणाल, तर भूक वाढली आहे आणि डॉक्टरांनी दाणे मोजून घालायला सांगितले आहेत. वजन माझंही वाढतं आहे, आणि तेही ऑपरेशनशिवाय. बोका आठवडाभर भिंतीवर येऊन बसला, मग त्यानं खातं दुसऱ्या शाखेत हलवलं.

परवा शिपाई माझ्या टेबलाशी येऊन घुटमळला. "साहेब, आपलं पिल्लू मादी निघालं. पाच महिने होऊन गेले. काल रात्रीपासून जरा ओरडतंय." मी विचारलं, "चाळीत काय म्हणतात?" तो म्हणाला, "म्हणतात, एकदा तरी होऊ द्या."

येत्या दुसऱ्या शनिवारी बँकेला सुट्टी आहे. डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे. टोपली आमची, रिक्षा त्याची. तोवर खिडकी बंद ठेव, असं त्याला दिवसातून दोनदा सांगतो.